कॉलेजातली 'वेलनेस'ची सेशन्स: इंजिनिअरिंगच्या एफईवाल्यांनी (फर्स्ट इयर) जावं का?

सध्या ॲडमिशनचा सीझन आहे, कॅप राउंड (ॲडमिशनच्या सरकारी फेऱ्या) चालू झाले की गावाकडून रोज कुणाचा तरी फोन येतोच, पुण्यात कॉलेज कसंय, मेस कशीय, रॅगिंग होतंय का. परवा मावसभावाचा आला, म्हणे "दादा, तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात लिहिलंय पीअर-लेड वेलनेस प्रोग्राम, ते काय असतंय, त्याचे वेगळे पैसे भरायचे का?" त्याला तासभर सांगत बसलो आणि मग वाटलं एकदा लिहूनच टाकावं, जो विचारेल त्याला पाठवता येईल. कॉलेजचं नाव घालत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला अजून तीन वर्षं तिथंच काढायचीत.

पैसे लागत नाहीत. पीअर-लेड म्हणजे सीनियर पोरांनीच चालवलेला. प्रकार असा की एसई-टीईची (सेकंड-थर्ड इयर) काही पोरंपोरी फॉर्म भरतात, काउन्सेलर मॅडम आणि आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर त्यांना दोन दिवस शिकवतात, मग प्रत्येक जोडीला बारा-बारा एफईवाले वाटून देतात. पहिल्या सेममध्ये सहा सेशन्स, गुरुवारी साडेपाचला, ड्रॉइंग हॉलमध्ये. त्या उंच स्टुलांवर पाठीचा जो काही निकाल लागतो त्यावर वेलनेसवाल्यांकडे उत्तर नाही. आमच्या वाट्याला मेकॅनिकलचा एक दादा आला, धाराशिवकडचा, आणि कॉम्पची एक ताई, नाशिकची. दादा पहिल्याच दिवशी म्हणाला, "मी काय डॉक्टर नाही, मागच्या वर्षी ह्याच स्टुलावर तोंड पाडून बसलो होतो, तीन महिन्यात सात किलो उतरलो होतो." तेवढ्यावर आम्ही ऐकायला लागलो.

कारण त्याच्याआधी इंडक्शन, म्हणजे नव्या पोरांना कॉलेजची ओळख करून द्यायचा कार्यक्रम, सोसून आलेलो ना. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) इंजिनिअरिंगला तीन आठवड्यांचं इंडक्शन ठरवून दिलंय, २०१८ पासून, त्यात खेळ, कला, मूल्यं, आसपासच्या भेटी असं बरंच काय काय यायला पाहिजे. आमच्याकडे ते आठ दिवसांत गुंडाळलं, आरोग्याच्या वाट्याला दीड तास आला, सहाशे पोरं ऑडिटोरियममध्ये, एसी फुल आणि स्टेजवर एक मोठे डॉक्टर प्रोजेक्टरवर फुप्फुसं दाखवतायत. "एनी क्वेश्चन्स?" असं विचारल्यावर सहाशे पोरांत एकालाही प्रश्न पडलेला नव्हता. आणि त्याच रात्री आमच्या रूमवर एकजण हळूच विचारत होता की यार मांडीत लई खाज येतीय, काय करू.

आता ह्या खाजेपासूनच सुरू करतो, कारण सगळ्या सेशन्समध्ये पैसा वसूल (जो भरलाच नव्हता) झाला तो इथंच. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हॉस्टेलला कपडे वाळत नाहीत, ओली जीन्स तशीच चढवून पोरं प्रॅक्टिकलला पळतात, टॉवेल तर सार्वजनिक मालमत्ता. त्यात एकाला गजकर्ण झालं की आठ दिवसात अर्धा फ्लोअर खाजवत असतो. लाजेपोटी कुणी दाखवत नाही, खालच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणतात, दोन दिवसात एकदम गार वाटतं, आणि मग महिन्याभरात ते डबल होऊन परत येतं. दादाने ट्यूबचं रिकामं खोकं खिशातून काढलं, स्वतःचंच होतं, आणि मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. क्लोबेटासोल. म्हणजे स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आरामात पसरत राहते आणि कातडी पातळ होते ती वेगळीच. ही क्रीम खरं तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, पण आपल्याकडे मेडिकलवाला सगळं देतो. दादाला स्वतःला त्याच्यापायी चार महिने लागले बरं व्हायला, मांडीवर अजून पांढरे पट्टे आहेत म्हणाला, दाखवले नाहीत, आम्ही पण आग्रह केला नाही. मग त्याने सांगितलं की टॉवेल वेगळा ठेवा, अंडरपॅन्ट सुती वापरा, जमलं तर इस्त्री मारा, आणि थेट त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ससूनला (पुण्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल) किंवा पालिकेच्या दवाखान्यात गेलात तरी चालतं, आणि गोळ्या डॉक्टरने सांगितलेत तेवढे सगळे दिवस घ्या, खाज थांबली म्हणून मध्ये सोडू नका. पुढच्या सोमवारी आमच्या फ्लोअरवरचे पाचजण एकाच रिक्षात बसून गेले. ऑडिटोरियममधल्या फुप्फुसांनी हे झालं असतं का?

खाण्याचं सेशन बरं होतं, ग्रेट नाही. मेसची थाळी मधे ठेवून त्यात काय आहे काय नाही ते बोलले. आपल्या पोरांना पहिल्या महिन्यात जिमचं वेड लागतं आणि जिमवाला लगेच तीन हजाराचा प्रोटीनचा डबा गळ्यात मारतो. ताईने सरळ हिशोब केला, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन दिवसाला लागतं, म्हणजे साठ किलोच्या पोराला पन्नास ग्रॅम. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम फुटाण्यात वीसच्या आसपास, वाटीभर डाळ-उसळ, दूध, दही धरलं की डब्याची गरज कुठे उरते. त्याच संस्थेने आयसीएमआरबरोबर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात तर प्रोटीन पावडर टाळाच म्हणलंय. अडचण अशी की आमच्या मेसची डाळ म्हणजे हळदीचं पाणी आणि उसळ आठवड्यातून दोनदा. हे दादा-ताईला पण माहिती होतं पण मेसविरुद्ध बोलायची त्यांना परवानगी नाही असं दिसलं, विषय आला की दोघं हसून पुढे जायचे. मला हे आवडलं नाही. पोरांना फुटाणे खा म्हणून सांगायचं आणि मेसच्या कॉन्ट्रॅक्टरला कुणी काही विचारायचं नाही, हा कुठला वेलनेस.

झोपेवरचं सेशन मात्र डोक्यात बसलं. सबमिशनच्या आधी जर्नल लिहायला आपण रात्रभर जागतो आणि सोबत ती वीस रुपयांची लाल एनर्जी ड्रिंकची बाटली. दादाने विचारलं रात्रीत किती, एक भिडू छाती फुगवून म्हणाला चार. मग बाटलीवरचं वाचायला लावलं. एफएसएसएआयच्या (सरकारचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमाने लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे अडीचशे मिलीच्या बाटलीत पंच्याहत्तरपर्यंत. चार बाटल्या म्हणजे जवळजवळ तीनशे, आणि आयसीएमआर अख्ख्या दिवसाची मर्यादाच तीनशे सांगतं, त्यात तुमचा चहा पण आला. वर हे की कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री अकराला प्यायलेलं पहाटे चारला पण अर्धं अंगात फिरत असतं, म्हणून झोपलो तरी झोप लागत नाही आणि सकाळी ओरलला आपण सरांकडे माशासारखं बघत उभे. मी चहा सोडलेला नाही (पुण्यात राहून चहा सोडायचा म्हणजे) पण ती बाटली सुटली.

तिसरं सेशन पोरांचं वेगळं, पोरींचं वेगळं. दादाने हेल्मेट फिरवलं, ज्याला जे विचारायचंय ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव नको. अक्षर ओळखू येईल म्हणून अर्ध्यांनी डाव्या हाताने लिहिलं. बारा पोरांच्या एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यातल्या सात एकाच विषयावर. तोच, गावाकडे स्टँडच्या मागच्या भिंतीवर रंगवलेला असतो ना, कमजोरी, धात, शर्तिया इलाज, खाली मोबाइल नंबर. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात असं ऐकून आपण मोठे झालेलो. दादा म्हणाला अरे शरीर हे रोज बनवतंय, लाखो-करोडोंनी, ते काय सेव्हिंग अकाउंट नाही काढलं की कमी व्हायला, स्वप्नात झालं तरी तो आजार नाही आणि हाताने केलं म्हणून चष्मा लागत नाही, चष्मा मला सातवीतच लागला. हॉल हसून फुटला. पण त्या हसण्यात एकजण हसत नव्हता, त्याने नंतर आम्हाला सांगितलं की अकरावीत त्याने अशाच एका बाबाला चार हजार दिले होते, क्लासच्या फीमधले, घरी अजून माहीत नाही.

त्याच दिवशी दादाने एक गोष्ट सांगितली ती कुठल्याच मास्तराने आयुष्यात सांगितली नव्हती. अंडकोषात अचानक जोरात दुखायला लागलं, उलटी आल्यासारखं वाटलं, तर सकाळपर्यंत लाजत पडून राहायचं नाही. कधीकधी आतल्या आत पीळ पडतो आणि रक्तपुरवठा बंद होतो, साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वाचण्याची शक्यता चांगली, उशीर झाला तर ते काढून टाकायची वेळ येते. रात्री दोन वाजता झालं तर रात्री दोन वाजता वॉर्डनला उठवा, म्हणाला, त्यांना पण आहेतच.

पोरींच्या बाजूचं मला वर्गातल्या मैत्रिणीकडून कळलं तेवढंच. तिच्या ग्रुपला हिमोग्लोबिनची तपासणी करून दिली आणि निम्म्या पोरी कमी निघाल्या. त्यांच्या ताईने सांगितलं की पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय सापडलाय, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. मैत्रीण म्हणाली पहिल्यांदा पाळीबद्दल कुणीतरी कुजबुजल्याशिवाय बोललं. तिच्याकडून पाचपैकी पाच.

आता तक्रारी.

पहिली मोठी आहे. सप्टेंबरमध्ये हॉस्टेलला डेंग्यूची लाट होती. आमच्या ग्रुपमधल्या एकाला ताप आला, अंग ठणकत होतं, त्याने रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, आणि दुसऱ्या एका जोडीतल्या सीनियरने लगेच गोळीचं नाव टाकलं, आयब्युप्रोफेनवाली, "मी पण हीच घेतो, सकाळी फ्रेश". पोराने दोन दिवस घेतली. डेंग्यू असेल तर ही गोळी आणि ॲस्पिरिन चालत नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो, तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही मापात. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा त्याच्या रूमपार्टनरने उचलून हॉस्पिटलला नेलं, टेस्ट पॉझिटिव्ह, प्लेटलेट खाली, पाच दिवस ॲडमिट. वाचला, आता ठणठणीत आहे, पण त्याची आई परभणीहून रात्रीच्या गाडीने उभ्याने आली होती तिचा चेहरा मला अजून आठवतो. तो सीनियर वाईट नाही, स्वतः जाऊन माफी मागून आला, पण दोन दिवसाच्या ट्रेनिंगने पोरगं स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागतं हा ह्या सगळ्यातला सगळ्यात मोठा धोका आहे, आणि तो आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता का? त्यानंतर नियम झाला की पीअरवाल्यांनी कुठल्याच गोळीचं नाव घ्यायचं नाही, ताप दुसऱ्या दिवशी उतरला नाही तर सरळ डॉक्टर. आणि हे पण तेव्हाच कळलं की ताप उतरला म्हणजे सुटलो असं नसतं, उलट डेंग्यूत ताप उतरतानाच गडबड होते, पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, कुठून रक्त, एकदम मलूल पडणं, ह्यातलं काही दिसलं की पळायचं. हे सेशन आम्हाला ऑक्टोबरमध्ये मिळालं. डास जूनपासून कामाला लागलेले होते.

दुसरी तक्रार, गुपित राखण्याची. ड्रॉइंग हॉलमधलं बाहेर जाणार नाही असं पहिल्या दिवशी सगळ्यांनी हात वर करून कबूल केलं होतं. डिसेंबरमध्ये शेजारच्या एका ग्रुपमध्ये "नाव न घेता उदाहरण" म्हणून आमच्यातल्याच एकाची घरची गोष्ट सांगितली गेली. अरे, नाव न घेता पण "लातूरचा, सिव्हिलचा, वडिलांचं दुकान" एवढं सांगितल्यावर उरलं काय? दोन दिवसात कँटीनमध्ये पोहोचली. त्या पोराने सेशन्सला येणंच सोडलं आणि मला वाटतं बरोबर केलं. मॅडमनी त्या सीनियरला काढलं, पण बाहेर गेलेली गोष्ट परत आत थोडीच येते.

तिसरी, शेवटचं सेशन झालंच नाही. गर्भनिरोधक, एचआयव्ही, संमती वगैरे होतं त्यात. कुणाच्या तरी पालकांनी म्हणे ऑफिसात जाऊन ओरडा केला आणि त्या गुरुवारी ड्रॉइंग हॉलला कुलूप. हेल्मेटमधल्या त्या विषयाच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. मग दादाने टपरीवर उभं राहून जेवढं जमलं तेवढं सांगितलं, की सरकारी दवाखान्यात आयसीटीसी असते, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त होते, विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा, आणि अठरा-एकोणीसच्या आतल्यांसाठी सरकारी रुग्णालयात मैत्री क्लिनिक पण असतं. ही टपरी गेटपासून मी मोजली तर पासष्ट पावलं, आणि कॉलेजच्या शंभर यार्डात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तिथेच उभं राहून आम्ही आरोग्यशिक्षण घेत होतो. पालिकेवाले पण तिथेच चहा पितात.

एवढं असून पण मी जा म्हणतोय ते एका गोष्टीमुळे. इन-सेम म्हणजे सेमच्या मधल्या परीक्षेनंतर माझ्या शेजारच्या रूममधला एकजण, नाव नाही सांगत, जेवायला यायचा बंद झाला. एमवनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, तीसपैकी चार पडले होते. बारावीला गणितात पंच्याण्णव होते त्याला. आम्हाला वाटलं झोपतोय, घरची आठवण येत असेल, आम्ही दार वाजवायचो आणि तो आतून "आलो" म्हणायचा, येत नव्हता. पीअरच्या ताईने एका सेशनला सांगितलेलं की कुणी असं आत जायला लागलं तर उपदेश करू नका, "सगळं ठीक होईल" म्हणू नका, बसा आणि विचारा. आणि जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का हे सरळ विचारलं तर चालतं, विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मला ते विचारायची हिंमत झाली नाही. दादाला बोलावलं. दादा मेसमधून दोन ताटं घेऊन त्याच्या रूमवर गेला, एक तास काहीच बोलला नाही म्हणे, दोघं नुसते जेवले, मग विचारलं. हो म्हणाला.

त्या रात्री दादा आणि मी त्याच्या रूमवरच झोपलो. दादाने तिथेच १४४१६ लावला, सरकारची टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे ती, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं, हे महत्त्वाचं, कारण रडताना इंग्रजी सुचत नाही. सकाळी त्याला घेऊन मॅडमकडे, तिथून डॉक्टरकडे, घरी फोन त्याच्यासमोर बसून, त्याला विचारून केला. दादाने स्वतः काही उपचार केले नाहीत, शहाणपणा शिकवला नाही, फक्त एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत सोबत चालला, आणि मला वाटतं ह्या पोरांचं खरं काम एवढंच असावं. तो पोरगा एमवन काढून आता माझ्याबरोबर एसईला आहे. हे सगळं त्याला वाचून दाखवलंय, तो म्हणाला टाक, फक्त मार्क चार नव्हते, पाच होते.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेतीन. पूर्ण एक तो गोळीवाल्या प्रकरणाला कापला आणि अर्धा त्या कुलपाला. गुपित फुटल्याचे कापायला हवे होते पण त्यांनी निदान कारवाई तरी केली.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तुमच्या वाट्याला कोण दादा-ताई येतात ह्यावर सगळं आहे, जोडी बेकार निघाली तर पहिल्या दोन आठवड्यात मॅडमना सांगून ग्रुप बदलून मिळतो, हे कुठे लिहिलेलं नाही पण मिळतो. घरची फार खासगी गोष्ट बारा जणांत बोलू नका, ती मॅडमच्या केबिनमध्ये बोला. मी ह्या वर्षी स्वतः फॉर्म भरलाय, मुलाखतीत मॅडमनी विचारलं की कुणी ताप आलाय म्हणून रात्री मेसेज केला तर काय करशील, म्हटलं मॅडम, त्याच्या रूमवर जाईन आणि गोळीचं नाव घेणार नाही. हसल्या. यादी पुढच्या आठवड्यात लागते.

आणि सेशन कधीच साडेसहाला संपत नाही, गुरुवारी मेसला मटकी असते, त्या दिवशी ती साडेसातलाच संपते. रूमपार्टनरला तुमचं ताट काढून ठेवायला सांगूनच जा.